मीटर शांत, शहाळं नाही

माझ्या आत्याला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला होता. घरी आल्यावर काही दिवस तिची खोली वेगळी, ताटवाटी वेगळी, लहान मुलांना जवळ जायला बंदी. त्याच आठवड्यात चुलतभाऊ हात मोडून एक्स-रे काढून आला, तर आजीने त्यालाही अंगणातच बसवलं. ‘दोघांनाही रेडिएशनच ना?’

आजीचं निम्मं बरोबर होतं. एक्स-रेचे किरण हातातून आरपार गेले आणि तिथेच विषय संपला. भावाच्या अंगात काही उरलं नाही, त्याच्यापासून कुणाला धोका नाही. आत्याच्या पोटात मात्र किरण सोडणारा पदार्थच गेला होता. तिच्यासोबत तो घरभर फिरणार, घामातून, लघवीतून बाहेर पडणार. पहिला प्रकार म्हणजे किरण लागणं, दुसरा म्हणजे दूषण. आपण दोन्हींना रेडिएशन म्हणून मोकळे होतो.

आमच्या घरी या गफलतीने एक पोरगा तासभर अंगणात बसला. बिकिनीच्या लोकांचं मात्र गाव दुसऱ्यांदा सुटलं.

बिकिनी हे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एक कंकणद्वीप. १९४६ मध्ये अमेरिकेने तिथल्या १६७ लोकांना अणुचाचण्यांसाठी हलवलं. १९५८ पर्यंत तिथे २३ स्फोट झाले. त्यातला १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट १५ मेगाटनांचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाइतकी ताकद), अपेक्षेच्या दुपटीहून मोठा. त्याची पांढरी राख शेजारच्या राँगेलापवर पडली आणि पोरं तिच्यात खेळली.

१९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनी राहण्याजोगं झाल्याचं जाहीर केलं. साफसफाई झाली, नारळाची नवी झाडं लागली, पुढच्या काही वर्षांत काही कुटुंबं परतली. उघड्यावर किरण मोजणारा मीटर धरला तर आकडा घाबरवणारा नव्हता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बिकिनीवर बाहेरून लागणाऱ्या किरणांची सरासरी वर्षाला १.८४ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेल्या किरणांचं माप) आली. परतीसाठी ठरलेल्या १ मिलिसिव्हर्टच्या मर्यादेपेक्षा ती जास्त आहे हे खरं. पण केरळात चवऱ्याच्या मोनाझाइट (निसर्गतःच किरण सोडणारं खनिज) मिसळलेल्या वाळूवर कित्येक घरांत याहून जास्त किरण लागतात, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात.

घोळ झाला तो नारळात. स्फोटांतून मातीत उरलेलं किरणोत्सारी सीझियम-१३७ हे रसायन म्हणून पोटॅशियमचा चुलतभाऊ. नारळाला पोटॅश किती लागतं हे कोकणात कुणाला सांगायला नको, आपण आळ्यात दरवर्षी घालतोच. बिकिनीची माती म्हणजे पोवळ्यांचा चुरा, पोटॅशियमच्या नावाने ठणठणाट. भुकेलं मूळ समोर आलेलं सीझियम पोटॅशियम समजून उचलतं, आणि ते शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात जाऊन बसतं. मग माणसाचं शरीरही तीच चूक करतं आणि ते स्नायूंत ठेवतं. एकदा खाल्लेलं सीझियम साधारण शंभर दिवसांत निम्मं बाहेर पडतं. पण रोजचंच जेवण नारळाचं असेल तर निम्मं व्हायला उसंत मिळते कुठे?

परतलेल्या लोकांच्या अंगातलं सीझियम मोजलं तेव्हा एका वर्षात ते सुमारे ७५ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. १९७८ मध्ये शंभराहून जास्त लोकांना पुन्हा बेटावरून उचललं.

म्हणूनच १९९६ पासून चाचण्यांत बुडालेली जहाजं बघायला येणारे पाणबुडे आठवडाभर बिनधास्त राहू शकत होते आणि मूळ रहिवासी परतू शकत नव्हते. पाहुण्यांचं जेवण बाहेरून येतं. मासेही फारसा प्रश्न नाहीत, कारण समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असल्याने माशांच्या अंगात सीझियम कमी जातं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा नव्वदच्या दशकातला निष्कर्षही नेमका याच फटीवर बोट ठेवतो: सगळं अन्न बेटावरचंच खाणार असाल, तर काही उपाय केल्याशिवाय कायमचं राहायला जाऊ नका.

उपाय आपल्याला ओळखीचा आहे. झाडांना पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपलं म्युरेट ऑफ पोटॅश, दिलं की नारळातलं सीझियम दहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. बेटवासीयांना मात्र वरची मातीच खरवडून काढून हवी होती. त्यांचा अविश्वास मला पूर्ण समजतो. एकदा ‘सुरक्षित’ ऐकून ते फसले होते. पण ती माती गेली तर बेटावरचा जेमतेम साठलेला कुजका पालापाचोळाही जातो, आणि झाडं कशावर जगणार?

यातून निघालेली मधली वाट मला पटते. घरांभोवतीची माती काढायची, कारण तिथे माणसं चोवीस तास वावरतात, पोरं धुळीत लोळतात आणि बाहेरून लागणारे किरण तिथेच मोजायचे असतात. बागांना पोटॅश द्यायचं, कारण तिथला धोका तोंडावाटे येतो. फक्त खरवडलेली माती एकदा गेली की गेली. पोटॅश काही वर्षांनी पुन्हा घालावं लागतं, आणि त्याची पोती दूरवरून जहाजाने यायची.