सोबत कोण बसणार? ऑनलाइन मील सपोर्टमागचा दीडशे वर्षांचा प्रवास

झूमवर सात-आठ चौकोन, प्रत्येकाच्या पुढ्यात ताट, आणि होस्ट आधी स्वतः घास घेते मग बाकीचे घेतात. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने उपाशी राहणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करणं), बिंज ईटिंग (ताबा सुटून खात राहणं) अशा आजारांतून बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी हे ऑनलाइन मील सपोर्ट, म्हणजे जेवताना सोबत, असतं. आपल्याकडे ज्यांनी ऐकलंय त्यांना वाटतं की ही लॉकडाऊनमध्ये निघालेली कल्पना आहे. स्क्रीनचा भाग तेव्हाचा, मान्य, पण या आजारांत जेवताना माणसाशेजारी कोणी बसायचं हा वाद जवळजवळ दीडशे वर्षं चाललाय आणि तो समजून घेतला की हे चौकोन कुठून आले ते कळतं.

१८७३ मध्ये लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी एकाच सुमाराला यातल्या अ‍ॅनोरेक्सियाचं वर्णन केलं. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गलचं. उपचार म्हणून त्याने सांगितलं की ठरलेल्या वेळाने खायला द्या, आणि शेजारी अशी माणसं ठेवा ज्यांचा पेशंटवर वचक असेल, नातेवाईक आणि मित्रमंडळी त्या कामाला सगळ्यात वाईट. पॅरिसचा डॉक्टर शार्को तर पुढे मुलीला आईवडिलांपासून पूर्ण तोडायच्याच मताचा होता. ठरलेल्या वेळी खाणं हा गलचा सल्ला आजही शंभर टक्के टिकून आहे, तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, भूक असो नसो, असंच सांगतात. पण घरच्यांना बाहेर काढायचा जो भाग होता त्याने पुढची शंभर वर्षं कितीतरी आयांना आपणच गुन्हेगार आहोत असं वाटायला लावलं, आणि मला ते फार अन्यायाचं वाटतं.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला, युद्धात बंदूक उचलायला नकार दिलेले आणि स्वखुशीने आलेले तरुण होते ते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. (किती कॅलरी दिल्या तो आकडा मुद्दाम लिहीत नाहीये, हे वाचणारं कुणी रिकव्हरीत असेल तर आकडे त्रास देतात.) झालं काय, तर अन्नाबद्दल आधी काहीच भानगड नसलेली ही मुलं स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागली, घासाचे बारीक तुकडे करून एकेक जेवण दोन-दोन तास चिवडत बसायला लागली, ताटं चाटायला लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. म्हणजे ज्याला घरचे 'नाटकं' म्हणतात त्यातलं बरंचसं उपाशी मेंदू करत असतो. पोटात अन्न गेल्याशिवाय नुसत्या गप्पांची थेरपी पुढे सरकत नाही, हे डॉक्टर लोक जे सांगतात त्याला इथून मोठा आधार मिळाला.

मग हॉस्पिटलं. १९६०-७० च्या दशकात बऱ्याच वॉर्डांत पद्धत अशी की वजन वाढलं तर भेटायला माणसं येतील, फोन मिळेल, नाहीतर खाटेवरून उठायचं नाही. वजन वाढायचं, आणि घरी गेलं की पुन्हा उतरायचं. याच्या उलट दिशेने काही लोक गेले. फिलाडेल्फियात साल्वाडोर मिनुचिन अख्ख्या कुटुंबाला क्लिनिकमध्ये बोलवून तिथेच जेवायला बसवायचे आणि टेबलावर काय घडतं ते बघायचे. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये जेराल्ड रसेल (१९७९ मध्ये बुलिमियाचं पहिलं नीट वर्णन करणारे हेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ८० पेशंटांचा अभ्यास छापला. वॉर्डातून घरी गेल्यावर, ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांपेक्षा जुना नव्हता, त्यांना एकट्याच्या थेरपीपेक्षा कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या थेरपीने जास्त फायदा झाला. त्यातून आज जिला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात ती उभी राहिली, तिच्यात दुसऱ्याच सेशनला घरच्यांनी डबा घेऊन यायचं आणि मुलीला किंवा मुलाला तिथेच जेवू घालायचं असतं. गलने दाराबाहेर काढलेली आई पुन्हा ताटाशेजारी आली.

पण ज्याचं वय तीस आहे, जो परगावी एकटा राहतो, किंवा ज्याच्या घरचं टेबलच भांडणाचं, त्याने काय करायचं? त्यांच्यासाठी डे प्रोग्रॅममधलं (दिवसभर क्लिनिकमध्ये उपचार, रात्री घरी) टेबल होतं, नर्स किंवा डाएटिशियन सोबत जेवते. तिथे एक शिस्त तयार झाली, ती फार विचार करून केलेली आहे. कॅलरी, किलो, साइज असले आकडे उच्चारायचे नाहीत. दुसऱ्याच्या ताटावर बोलायचं नाही, 'छान संपवलंस' हे सुद्धा जपून, कारण आजार त्याचं 'तू जास्त खाल्लंस' असं भाषांतर करतो. जेवण साधारण अर्ध्या तासात. विषय सिनेमाचे, मांजरांचे, नाहीतर आपल्या नाव-गाव-फळ-फूलसारखे शब्दांचे खेळ. कोणी अडकलं तर हळू आवाजात 'पुढचा घास घे, मी आहे'. आणि जेवण झाल्यावर लगेच उठायचं नाही, कारण उलटी करायची किंवा व्यायामाला पळायची उबळ त्याच वेळी जोरात येते, म्हणून तो वेळही सोबतच काढायचा.

इंटरनेटचं या आजाराशी नातं मात्र आधी वाईटच होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उपाशी राहायला एकमेकांना चढवणाऱ्या प्रो-अ‍ॅना साइट्स सुरू झाल्या, २००१ मध्ये याहूने त्यातल्या बऱ्याच काढून टाकल्या तरी त्या दुसरीकडे उगवतच राहिल्या. मार्च २०२० मध्ये डे प्रोग्रॅम एकदम बंद पडले, माणसं घरात आणि फ्रिजसमोर अडकली, तेव्हा त्याच इंटरनेटवर टेबल मांडलं गेलं. क्लिनिकांनी झूमवर जेवणं सुरू केली, इन्स्टाग्रामवर कोविड-१९ ईटिंग सपोर्ट नावाच्या अकाउंटवरून लाइव्ह येऊन लोक जेवायला लागले, ब्रिटनमध्ये याच आजारांसाठी काम करणाऱ्या बीट संस्थेने ऑनलाइन ग्रुप वाढवले. डे प्रोग्रॅममधली ती सगळी शिस्त जशीच्या तशी स्क्रीनवर आली, फक्त एक गोष्ट नवीन, स्वतःचा चेहरा सतत दिसतो म्हणून सेल्फ व्ह्यू बंद करायला सांगतात.

साथ ओसरली तरी हे थांबलं नाही. आणि माणूसच का लागतो त्याचं उदाहरण २०२३ मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने माणसांची हेल्पलाईन बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच सुमाराला त्यांचा टेसा नावाचा चॅटबॉट लोकांना वजन कमी करायच्या टिप्स देतो असं उघडकीला आलं, तो काढावा लागला.

भारतातून यात बसायचं तर पहिली अडचण घड्याळाची. लंडनचा एकचा लंच म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा, न्यूयॉर्कचा बाराचा म्हणजे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. दुसरी अडचण ताटाची. तिकडच्या होस्टला ब्रेड-पास्त्याची भीती लगेच कळते, पण वरणभातावरच्या तुपाच्या धारेने कोणाचे हात थरथरतात, किंवा चतुर्थीचा उपास हे आजाराला मिळालेलं आयतं निमित्त असू शकतं, हे तिला कसं कळावं? आपल्याकडे २५ मार्च २०२० ला डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनचे (फोन-व्हिडिओवरून तपासायचे) नियम आले आणि डाएटिशियन, सायकॉलॉजिस्टही व्हिडिओवर दिसायला लागले, तरी मराठीत बोलत जेवायला बसवणारं टेबल अजून हवंच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनची १४४१६ ही लाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं, तिथे जेवायला कोणी बसवत नाही पण कोणाकडे जायचं ते विचारता येतं. आणि बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्याने तर थेट कुठल्याही ग्रुपमध्ये जेवायला बसू नये, आधी डॉक्टरकडे जाऊन रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम तपासून घ्यावं, कारण रिकाम्या शरीरात एकदम अन्न गेलं की हे क्षार झपाट्याने खाली येतात आणि ते हृदयावर बेतू शकतं.