चिलट मोठं होऊन माशी होत नाही हो!

आमच्या सोलापुरात घरोघरी ऐकलंय, केळ्यांवर घोंघावणारी चिलटं म्हणजे माशांची पिल्लं, खाऊन खाऊन मोठी होतात म्हणे. आमची आजी पण हेच सांगायची, पण तसं काही नसतंय बघा. माशीचं पिल्लू म्हणजे अळी, ती उकिरड्यात, शेणात वाढते, मग तपकिरी कोष करते आणि त्यातून पंख घेऊन बाहेर आली की वाढ तिथंच संपली, नंतर एक मिलिमीटरसुद्धा नाही. घरातली माशी साधारण ६-७ मिलिमीटर, फळावरचं चिलट जेमतेम ३, दोन्ही वेगळ्या जाती. आता अळीला खायला कमी मिळालं तर माशी बारकी निघते हे खरंय, पण ती जन्मभर बारकीच.

परवा मंगळवार पेठेतनं आणलेल्या डाळिंबांपैकी एक फुटकं होतं, त्यावरचं एक चिलट भिंगातनं बघितलं, डोळे लालभडक! पंख दोनच, मागच्या जोडीच्या जागी बारक्या गुंडीसारखे दोन दांडे, उडताना तोल सांभाळायला. खऱ्या माशीची हीच खूण. मधमाशी, गांधीलमाशी नावालाच माशा, त्यांना पंख चार. डास मात्र याच खानदानातला, नावात माशी नसली तरी.