पाइपचे तुकडे, चार लवंगा आणि कुत्र्याचं नाक

घरातलं प्लंबिंगचं काम संपलं आणि पीव्हीसी पाइपचे सहा तुकडे उरले. मी ते उभे करून एका फळीवर बसवले, प्रत्येकाच्या तळाशी भोकं पाडलेली पत्र्याची डबी ठेवली. एका डबीत चार लवंगा, बाकीच्या रिकाम्या. कुत्र्याला वास शोधायला शिकवायचं साहित्य तयार झालं. महागड्या किटची जाहिरात बघून हरखून जाऊ नका, खरं यंत्र कुत्र्याच्या तोंडावरच आहे.

माणसाकडे वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक (नाकातल्या पेशींवरचे रिसेप्टर) असतात, कुत्र्याकडे सुमारे 800. म्हणजे फक्त दुप्पट! खरी गंमत हवेच्या वाटेत आहे. कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हुंगतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे जातो, त्यामुळे समोरचा वास उधळत नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेंट क्रेव्हन आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरून कुत्र्याच्या नाकाचं संगणकीय प्रतिरूप अभ्यासलं. आत घेतलेल्या हवेचा जेमतेम आठवा हिस्सा वेगळ्या वाटेने थेट मागच्या कप्प्यात जातो, आणि उच्छ्वास तिथे पोचतच नाही. त्या कप्प्यात ओलसर अस्तराच्या वेटोळ्या घड्या असतात. पाण्यात सहज विरघळणारे रेणू पुढेच टिपले जातात, कमी विरघळणारे आतपर्यंत पसरतात. शाळेत गाळणकागदावर शाईचे रंग वेगळे केले होते ना? तसंच वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) इथे चालतं, वासांचं.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. लवंगेच्या डबीलाच तुमचा हात लागला, तर कुत्रा हाताचा वास शिकतो. म्हणून सहाही डब्या सारख्याच हाताळाव्यात. शिवाय 2011 च्या एका अमेरिकी प्रयोगात 18 प्रशिक्षकांना ‘वास लपवला आहे’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात वास कुठेच नव्हता, तरी बहुतेक फेऱ्यांत ‘कुत्र्याने खूण दिली’ अशी नोंद झाली. रात्री कुत्रं रडलं की त्याला यम दिसतो, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आपल्या मनातलं आपण कुत्र्याच्या तोंडी घालतो.

म्हणून लवंगेची जागा फासा टाकून दुसऱ्याने ठरवावी आणि खोलीबाहेर जावं. डब्या घट्ट बसवाव्यात, लवंग कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. प्लास्टिकमध्ये वास मुरतो, तेव्हा लवंगेच्या पाइपवर रंगाची खूण करून ठेवा. तो पुन्हा रिकाम्यांच्या रांगेत उभा करायचा नाही.