ईश्वरसाक्ष शपथ आणि देवाच्या नावाने मागितलेले मत

विधानसभेवर निवडून आलेला सदस्य सभागृहात उभा राहून ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ असे म्हणतो. त्याच सदस्याने काही आठवड्यांपूर्वी प्रचारसभेत आपल्या धर्माची आण घालून मते मागितलेली असू शकतात. पहिल्या उच्चाराला संविधानाची मान्यता आहे, तर दुसऱ्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. तरीही या दोहोंची गल्लत सतत होते. संविधानालाच देव चालतो, मग प्रचारात त्याचे नाव का चालू नये, असे काहीजण विचारतात. धर्मनिरपेक्ष राज्यात शपथेत तरी देव कशाला, असा प्रश्न इतरांना पडतो. दोन्ही प्रश्न देवाचे नाव उच्चारले गेले की नाही एवढ्यावरच थांबतात. ते नाव घेऊन बंधन कोणावर घातले जात आहे, हे पाहिले की फरक स्पष्ट होतो. शपथ घेणारा स्वतःला बांधून घेतो; धर्माच्या नावाने मत मागणारा ऐकणाऱ्याला बांधू पाहतो.

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने दिले आहेत. त्यांत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन पर्याय असून निवड सर्वस्वी त्या व्यक्तीची असते. देव न मानणारा किंवा शपथ घेणे आपल्या श्रद्धेत बसत नाही असे मानणारा सदस्य दृढकथन करतो, आणि त्याच्या अधिकारात तसूभरही उणेपणा येत नाही. मात्र या दोन पर्यायांच्या बाहेर जाता येत नाही. केरळमधील एका आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, तेव्हा ती विहित नमुन्यातील नसल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. शपथेतील ईश्वराला कोणत्याही पंथाचे नाव नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे: तिथे ईश्वर फक्त साक्षीला आहे, आणि पुढची सारी निष्ठा संविधानाला वाहिलेली आहे.

हा विचार संविधान सभेत चर्चिला गेला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सदस्यांनी तिला विरोध केला. ज्या बाबतीत प्रत्येकाची श्रद्धा स्वतंत्र आहे, तिथे सामूहिक मत कोणावर लादू नये, अशी त्यांची भूमिका होती. मतदान होऊन ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. ज्या संविधानाने व्यक्तीच्या शपथेत ईश्वराला जागा दिली, त्याच संविधानाच्या उद्देशिकेत ती दिली गेली नाही, यात विसंगती नाही. शपथ एकट्याची असते आणि तिच्यात पर्याय असतो. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना पर्याय उरत नाही.

आता दुसरी बाजू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२३ भ्रष्ट आचारांची व्याख्या करते. त्यातील उपकलम (३) धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत देण्याचे किंवा न देण्याचे आवाहन निषिद्ध ठरवते. त्याच्या आधीचे उपकलम (२) मला अधिक बोलके वाटते, पण त्याची चर्चा क्वचितच होते. मतदारावर दैवी कोप होईल किंवा तो धर्मगुरूंच्या रोषाला पात्र ठरेल, असे त्याच्या मनात भरवणे म्हणजे मतदानाच्या हक्कात गैरवाजवी हस्तक्षेप होय, असे हे उपकलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये राम दयाल विरुद्ध संत लाल या प्रकरणात नेमके हेच पाहिले. नामधारी या शीख पंथाच्या गुरूंनी अनुयायांना विशिष्ट उमेदवाराला मत देण्याचा हुकूम काढला होता. धर्मगुरूला आपले मत सांगण्याचा, अमुक उमेदवार चांगला आहे असे म्हणण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला; पण ज्या आदेशामुळे भाविकाला स्वतःची निवडच उरत नाही, तो शिफारशीच्या पलीकडे जातो, असे ठरवले. उमेदवाराची निवडणूक टिकली नाही.

सर्वांत अवघड प्रश्न या दोन टोकांच्या मध्ये येतो: भाषणात धार्मिक शब्द आले, पण ते आवाहन होते का? या बाबतीत महाराष्ट्रातील दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच खंडपीठाने ते ११ डिसेंबर १९९५ या एकाच दिवशी दिले. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील बाळासाहेब ठाकरे यांची भाषणे हिंदू म्हणून मत देण्याचे थेट आवाहन करणारी ठरली आणि डॉ. रमेश प्रभू यांची निवडणूक रद्द झाल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. दुसरे प्रकरण मनोहर जोशी यांचे. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, अशा आशयाचे त्यांचे वाक्य १९९० च्या प्रचारसभेतले होते. न्यायालयाने त्या वाक्याबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. तरीही ती फार तर आशा आहे, उमेदवाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहन नाही, असे म्हणून त्यांची निवडणूक वाचवली. कायद्याचा काटेकोर अर्थ लावणे न्यायालयाचे कामच आहे, हे मान्य. पण प्रचारसभेत उमेदवाराने बोलून दाखवलेली आशा ऐकणाऱ्याच्या कानी आवाहन म्हणूनच पडते, हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

याउलट कुलतार सिंग विरुद्ध मुख्तियार सिंग या प्रकरणात ‘पंथा’ची प्रतिष्ठा राखण्याचे आवाहन करणारे पत्रक होते. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ते संपूर्ण संदर्भासह वाचले आणि तिथे पंथ म्हणजे शीख धर्म नसून अकाली पक्ष आहे, असा निष्कर्ष काढला. एखादा शब्द धार्मिक वाटला, एवढ्याने दोष सिद्ध होत नाही.

२ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने कलमातील ‘त्याच्या धर्माच्या’ या शब्दांचा विस्तृत अर्थ लावला. उमेदवाराच्या धर्माबरोबरच मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनही निषिद्ध झाले. अल्पमतातील न्यायाधीशांची चिंता मात्र मोलाची आहे: धर्म किंवा जातीमुळे ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय निवडणुकीत मांडायचाच नाही का? अन्यायाची चर्चा करणे आणि धर्मबांधव म्हणून मत मागणे यांत फरक करता येतो, असे मला वाटते. परंतु तो प्रत्येक भाषणात, प्रत्येक पुराव्यावर तपासावा लागेल.

शेवटी या कलमाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. ते उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा त्यांच्या संमतीने बोलणारी व्यक्ती यांच्यापुरतेच आहे, आणि निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात एखादा मंत्री सरकारी समारंभात देवाच्या नावाने काय बोलतो, हे कलम १२३ च्या कक्षेत येत नाही.