डिजिटल रोकड

देणाऱ्याची ओळख कोणाच्याही दप्तरी न लागता संगणकीय जाळ्यावरून पैसे चुकते करण्याच्या व्यवस्थेला डिजिटल रोकड म्हणतात. नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ती आधी कोणाच्या खिशात होती हे कोणी टिपून ठेवत नाही. कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे दिले की मात्र कोणी, कोणाला, केव्हा आणि किती दिले याची नोंद बँकेकडे व मधल्या कंपन्यांकडे साठत जाते. हा विषय निघाला की बोलणे लगेच बिटकॉइनकडे वळते. वास्तविक ही कल्पना बिटकॉइनहून पाव शतकाने जुनी आहे, आणि खाजगी देयकांचा आग्रह धरणाऱ्याने बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनांवर विश्वास ठेवलाच पाहिजे असे मुळीच नाही.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘अंध स्वाक्षरी’ हा या व्यवस्थेचा पाया होय. ती समजावून सांगताना चॉम यांनीच कार्बन लावलेल्या पाकिटाची उपमा वापरली. ग्राहक एका चिठ्ठीवर स्वतः निवडलेला लांबलचक क्रमांक लिहितो, चिठ्ठी आतून कार्बन लावलेल्या पाकिटात घालतो आणि बंद पाकीट बँकेला देतो. बँक त्याच्या खात्यातून ठरलेली रक्कम वजा करून पाकिटावर बाहेरून सही करते. ती सही आतल्या चिठ्ठीवर उमटते. पाकीट फोडल्यावर ग्राहकाच्या हाती बँकेच्या सहीची चिठ्ठी येते, पण तिच्यावरचा क्रमांक बँकेने पाहिलेला नसतो. पुढे विक्रेता ती वटवायला आणतो तेव्हा सही आपलीच आहे आणि हा क्रमांक पूर्वी वटलेला नाही, एवढेच बँक तपासते. चिठ्ठी कोणाला दिली होती हे तिला सांगता येत नाही. प्रत्यक्षात पाकिटाचे काम गणित करते : क्रमांक एका यादृच्छिक संख्येच्या साहाय्याने गुणून झाकला जातो आणि सहीनंतर भागाकाराने मोकळा होतो. चॉम यांच्या डिजिकॅश या कंपनीची अशी नाणी अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या मार्क ट्वेन बँकेने १९९५ मध्ये ग्राहकांना देऊ केली, पण ना पुरेसे विक्रेते मिळाले ना ग्राहक, आणि १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या आराखड्याला वेगळाच प्रश्न सोडवायचा होता : तेच नाणे दोनदा खर्च होणे बँकेवाचून कसे रोखायचे. त्यासाठी प्रत्येक व्यवहार सर्वांना दिसेल अशा खातेवहीत मांडला जातो. तिथे नावाऐवजी पत्ता असतो हे खरे, पण त्या पत्त्याला एकदा नाव चिकटले की मागचा सारा इतिहास त्या नावावर जमा होतो. बिटफिनेक्स या क्रिप्टोचलनांच्या खरेदी-विक्रीच्या केंद्रातून २०१६ मध्ये चोरीला गेलेल्या बिटकॉइनांचा माग साडेपाच वर्षांनंतरही निघाला; फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने त्यांपैकी ९४,००० हून अधिक, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ३.६ अब्ज डॉलरचे, बिटकॉइन जप्त केले. एवढी बोलकी खातेवही कोणतीही बँक चारचौघांत उघडी ठेवत नाही.

चलन म्हणूनही क्रिप्टोचलनांची बाजू लंगडी आहे. बिटकॉइनच्या मूळ जाळ्यात सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात, आणि भाव असा हेलकावतो की पगार किंवा कर्ज त्यात ठरवणे अवघड. मध्यस्थ टाळण्याची भाषा करणाऱ्या या जगात लोकांनी आपली नाणी पुन्हा मध्यस्थांकडेच ठेवली, आणि २०१४ मध्ये माउंट गॉक्स व २०२२ मध्ये एफटीएक्स ही खरेदी-विक्रीची केंद्रे बुडाल्यावर त्याची किंमत मोजली. व्यवहार पक्के करणारे संगणक प्रचंड वीज खातात, हा आक्षेप मात्र सरसकट लागू होत नाही. इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या जाळ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पक्के करण्याची पद्धत बदलून तो वीजखर्च जवळजवळ संपवला. मोनेरो आणि झीकॅश या क्रिप्टोचलनांत व्यवहार झाकण्याची सोय आहे, तरी भावाची अस्थिरता त्यांनाही सुटलेली नाही.

गोपनीयतेची गरज यामुळे कमी होत नाही. २०१९ च्या सरकारविरोधी आंदोलनात हाँगकाँगच्या मेट्रो स्थानकांवर तिकीट यंत्रांपुढे रांगा लागल्या, कारण प्रवासभाडे भरण्याचे नेहमीचे ऑक्टोपस कार्ड वापरल्यास आपण कुठे उतरलो हे मागाहून शोधले जाईल, अशी आंदोलकांना धास्ती होती. युरोपीय मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या नियोजित डिजिटल चलनाविषयी, म्हणजे डिजिटल युरोविषयी, मते मागवली तेव्हा, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ४३ टक्के प्रतिसादकांनी गोपनीयतेला पहिले स्थान दिले. करचुकवेगिरी आणि काळ्या पैशाचा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर जीएनयू टेलर या प्रणालीने काढलेली तोड विचार करण्याजोगी आहे. तीत अंध स्वाक्षरीमुळे देणारा झाकलेला राहतो, घेणाऱ्याची कमाई मात्र बँकेमार्फत उघड होते, म्हणजे कर बुडवणे अवघड जाते आणि ग्राहकाने काय विकत घेतले हे त्याच्यापुरतेच राहते.

या साऱ्याला एक मर्यादा आहे आणि ती गणिताने सुटत नाही. एखाद्याने खात्यातून नेमके ३७.४५ युरो काढले आणि पाच मिनिटांत एका विक्रेत्याने तेवढेच युरो जमा केले, तर क्रमांक न पाहताही बँक अंदाज बांधू शकते. ते टाळण्यासाठी रक्कम ठराविक मूल्यांच्या नाण्यांत आधीच काढून ठेवावी लागते. शिवाय त्याच वेळी तशीच नाणी खर्च करणारे इतर हजारो लोक लागतात, आणि डिजिकॅशला नेमके तेच जमवता आले नव्हते.