प्रोसेसर बसतो, पण चालतो का?

जुन्या पीसीत नवा प्रोसेसर टाकायची हौस रुळली ती इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या काळात. १९९२ साली इंटेलने ‘ओव्हरड्राइव्ह’ प्रोसेसर विकायला काढले. मदरबोर्ड २५ मेगाहर्ट्‌झवरच चाले, प्रोसेसर मात्र आतल्या आत ५० वर पळे. पुढे बाजूला दांडी असलेली सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आली. दांडी उचला, चिप अलगद ठेवा, दांडी पाडा.

सॉकेट ७ मध्ये इंटेल, एएमडी, सायरिक्स असे तिघांचेही प्रोसेसर बसत. बसत, पण चालतीलच असं नाही. पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागायचे आणि कित्येक जुन्या बोर्डांना तेवढे वेगळे देता येत नसत. १९९७ मध्ये पेंटियम टू स्वतःच्या स्लॉटमध्ये गेला आणि ही एकत्र पंगत मोडली.

हौशी लोकांचं खरं लाडकं सॉकेट म्हणजे २००४ चं एलजीए ७७५. त्यात पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळे येऊन गेले. पुढे सर्व्हरमधून निघालेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर स्वस्तात मिळू लागले, तेव्हा लोकांनी कमालच केली. त्यांचं सॉकेट खरं तर वेगळं, ७७१. मग चिपच्या पोटाला दोन जोडण्यांची अदलाबदल करणारा इवलासा स्टिकर चिकटवायचा, बोर्डावरच्या सॉकेटचे प्लास्टिकचे दोन दात ब्लेडने कापायचे, की चार कोअरचा ३ गिगाहर्ट्‌झचा झिऑन ई५४५० जुन्या डब्यात सुरू. मात्र पिना बोर्डावर असतात. ब्लेड घसरलं की बोर्ड गेला.

२०१७ मध्ये इंटेलने उलटा धडा दिला. आठव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांचं सॉकेट दिसायला तेच ११५१, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर त्यांना अधिकृत प्रवेश नाही. माझ्या मते ही निव्वळ अडवणूक होती. विंडोज ११ ने नेमकी आठव्या पिढीपासूनच दारं उघडली, तेव्हा तर हे जास्तच टोचलं.

एएमडीचं एएम४ सॉकेट मात्र टिकलं. बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) चिपमध्ये नव्या प्रोसेसरांसाठी जागा पुरत नाही म्हणून कंपनी बराच काळ आढेवेढे घेत होती. २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरांची वाट मोकळी झाली. म्हणजे २०१७ च्या बोर्डावर आज रायझन ५ ५६०० बसू शकतो. बोर्डाच्या यादीत त्याचं नाव पाहायचं आणि बायोस आधी जुन्याच प्रोसेसरवर अपडेट करायचा. कूलर काढण्यापूर्वी पीसी थोडा वेळ चालवून गरम करायचा, नाहीतर कूलरखालच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो.