इंग्लंडला नवीन आलात? घराची किल्ली मिळाली की पहिलं जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा

नमस्कार, आमच्यातर्फे घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही हे पान किल्लीसोबत देतो. बँक, ब्रॉडबँड, मुलांची शाळा हे सगळं पहिल्या पंधरवड्यात होतं आणि डॉक्टरचं तेवढं राहून जातं, मग एखाद्या रात्री पोराला ताप चढतो आणि धावाधाव सुरू होते. घरात सगळे ठणठणीत असतानाच हे काम उरकून टाका.

पुण्या-नाशकात कान दुखला की आपण सरळ कानाच्या डॉक्टरकडे जातो, फी भरतो, मोकळे होतो. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आधी जीपी, आणि त्यांना गरज वाटली तर तेच पुढे स्पेशालिस्टकडे पाठवतात, त्यामुळे जीपी नसेल तर पुढचं जवळजवळ सगळंच अडतं. नोंदणीला आणि जीपीला दाखवायला एक पैसाही लागत नाही. व्हिसा काढताना मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड हेल्थ सरचार्ज बहुतेकांनी भरलेला असतो, हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ असतो, पण नोंदणी दोघांचीही सारखीच होते.

एनएचएसच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की जवळचे दवाखाने दिसतात. प्रत्येकाचा आपला एरिया ठरलेला असतो, त्यामुळे आधी आपलं घर त्यात बसतंय का बघा. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन नोंदणी होते, नाहीतर काउंटरवर नोंदणीचा कागदी फॉर्म मागा. फॉर्म माणशी एक, तान्ह्या बाळाचासुद्धा वेगळा. आणि नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कुठे लिहिलेलं कुठे गाळलेलं, आणि मग दोन ठिकाणी दोन नावं झाली की रेकॉर्ड जुळवताना त्रास होतो. नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता कागदपत्रांचं, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा यातलं काहीही नोंदणीसाठी सक्तीचं नाही. रिसेप्शनवर मागतात, जवळ असेल तर जरूर द्या, काम लवकर होतं. पण डिपेंडंट व्हिसावर आलेल्या ताईंच्या नावावर ना लाइटबिल असतं ना भाडेकरार, सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि "प्रूफ आणा" असं ऐकून त्या परत येतात आणि मग महिनोन् महिने जातच नाहीत. असं होऊ देऊ नका. तिथेच शांतपणे सांगा की एनएचएस इंग्लंडच्या गाइडन्सप्रमाणे पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. लिस्ट बंद आहे (म्हणजे नवे पेशंट घेत नाहीत) किंवा घर एरियाबाहेर आहे ही कारणं चालतात, पण नकाराचं कारण त्यांनी १४ दिवसांत लेखी द्यायचं असतं. तरी अडलं तर आम्हाला फोन करा, आम्ही त्यांच्याशी बोलू, त्याचे पैसे घेत नाही.

फॉर्मसोबत तब्येतीची प्रश्नावली असते, उंची, वजन, सिगारेट, अ‍ॅलर्जी वगैरे. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भारतातल्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस इंग्रजीत लिहून आणा, आपल्याकडचे ब्रँड इथे बहुतेक कोणाला माहीत नसतात. मुलांचं लसीकरणाचं कार्ड सामानात नाही, हातातल्या बॅगेत आणा. नर्स ते बघून कुठल्या लसी राहिल्यात ते सांगते.

औषधाला इंग्लंडमध्ये सध्या प्रत्येक आयटममागे ९.९० पौंड पडतात. १६ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० च्या पुढच्यांना फ्री, गरोदर बायकांनाही फ्री पण त्यासाठी सर्टिफिकेट काढावं लागतं, ते मिडवाइफकडे (बाळंतपण बघणाऱ्या नर्सकडे) पहिल्याच भेटीत मागा. साधा घसा दुखला, किडा चावून जागा पिकली, बायकांना लघवीला जळजळ, अशा काही गोष्टींसाठी जवळच्या फार्मसीतला फार्मासिस्टच तपासून गरज असेल तर औषध देऊ शकतो, अपॉइंटमेंटची वाट बघायला नको. दवाखाना बंद असताना काही झालं तर १११ ला फोन करा, जिवावरचं असेल तर थेट ९९९ ला. आणि दातांचं यात काही येत नाही, डेंटिस्ट वेगळा शोधावा लागतो.

भारतातून आई-बाबा येणार असतील तर हे नीट वाचा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही जीपी फुकट बघतात, तीन महिन्यांच्या आत परत जाणार असतील तर टेंपररी पेशंट म्हणून नाव घालता येतं, मुक्काम त्याहून मोठा असेल तर नेहमीची नोंदणी मागा. पण हॉस्पिटलची गोष्ट वेगळी. एनएचएसच्या इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट असतात, तिथून अ‍ॅडमिट केलं की मात्र बिल लागतं, आणि व्हिजिटरला ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं. ५०० पौंडांच्या वरचं बिल थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. म्हणून इन्शुरन्सशिवाय त्यांना विमानात बसवू नका, आणि पॉलिसीत आधीपासूनचे आजार, बाबांची शुगर, आईचं बीपी, कव्हर होतात का ते तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या, फक्त हप्ता स्वस्त आहे म्हणून घेऊ नका.

घर बदललं तर नवा पत्ता जीपीला लगेच कळवा, हॉस्पिटलची पत्रं त्याच पत्त्यावर येतात. एरियाबाहेर गेलात तर नव्या ठिकाणी परत नोंदणी करा, जुन्या दवाखान्यातून नाव काढायला जायची गरज नाही, ते आपोआप निघतं आणि फाइलही तिकडे जाते.